हरिश्चंद्राचा कारखाना

त्र्यंबकेश्वर हे नाशिक जिल्ह्यातील पुरातन तीर्थक्षेत्र आहे. गावामागे ब्रह्मगिरी उभा आहे आणि त्याच्या माथ्यावर गोदावरी उगम पावते. अशा या गावी ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. पुढे सारा देश त्यांना दादासाहेब फाळके या नावाने ओळखू लागला. त्यांचे वडील संस्कृतचे व्युत्पन्न पंडित होते. त्यामुळे रामायण, महाभारत आणि पुराणे यांतील कथा धुंडिराजाच्या कानांवर बालपणापासूनच पडत होत्या. वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकविण्याचे काम मिळाले आणि फाळके कुटुंब मुंबईस आले.

धुंडिराजाचा ओढा मात्र पोथ्यांपेक्षा चित्रांकडे अधिक होता. इ.स. १८८५ मध्ये तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. तेथील शिक्षणानंतर तो बडोद्यास गेला. त्या काळी बडोद्याचे कलाभवन ही कारागिरीचे शास्त्रशुद्ध शिक्षण देणारी नामांकित संस्था होती. तेथे त्याने चित्रकला, मूर्ती घडविण्याची कला आणि छायाचित्रण यांचा अभ्यास केला. छपाईचे ठसे करण्याची विद्याही त्याने पुढे हस्तगत केली. एक विद्या पुरती हाती येते न येते, तोच त्याचे मन दुसरीकडे धाव घेई. हा मुलगा कोणत्याच एका गोष्टीला चिकटून राहत नाही, असे पाहणाऱ्यास वाटले असते. या साऱ्या विद्या एके दिवशी एकाच कामी लागतील, याची कल्पना कोणासही नव्हती; खुद्द त्यालाही नव्हती.

शिक्षण संपल्यावर फाळके यांनी गुजरातेतील गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय मांडला. परंतु प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दोघेही दगावली. त्या दुःखाने ते गोध्रा सोडून बडोद्यास परतले. छायाचित्र काढल्याने आयुष्य घटते अशी खुळी समजूत तेव्हा लोकांत होती, त्यामुळे तेथे त्यांचा धंदा चालला नाही. मधल्या काळात ते जादूचे प्रयोगही शिकले व करू लागले. इ.स. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. वधूचे नाव सासरी सरस्वती असे ठेवण्यात आले. या सरस्वतीबाईंचे नाव, मुलांनो, ध्यानात ठेवा, कारण पुढील कथेत त्यांचा वाटा फार मोठा आहे.

काही काळ फाळके यांनी पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. ती सोडून त्यांनी छापखाना काढला. रंगीत छपाईचे नवे तंत्र शिकण्यासाठी ते इ.स. १९०९ मध्ये जर्मनीस जाऊन आले. छापखान्यातून निघणाऱ्या सुबक चित्रांची वाहवा होऊ लागली. तथापि भागीदारांशी मतभेद झाले आणि फाळके या धंद्यातून बाहेर पडले. तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या घरात होते. हाती पैसा नव्हता आणि पुढे काय करावे हेही ठरलेले नव्हते.

अशा स्थितीत इ.स. १९११ च्या सुमारास त्यांनी गिरगावातील एका चित्रगृहात येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताची कथा चालली होती; फाळके यांच्या अंतःचक्षूंपुढे मात्र राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या ही दृश्ये तरळू लागली. आपल्या देशाच्या कथा अशाच पडद्यावर का दाखवू नयेत, या विचाराने त्यांना घेरले. त्यांनी सरस्वतीबाईंनाही नेऊन तो मूकपट दाखविला. त्या रात्रीपासून त्यांच्या मनाला दुसरा विषय उरला नाही.

आज हा विचार आपल्याला साधा वाटतो. त्या काळी तो तसा नव्हता. सावेदादा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी त्यापूर्वी काही छोटी दृश्ये टिपली होती. इ.स. १९१२ मध्ये दादासाहेब तोरणे यांनी 'श्री पुंडलीक' या नाटकाचे चित्रण पडद्यावर आणले. परंतु येथेच पटकथा रचावयाची, येथीलच नटांकडून ती पडद्यासाठी करवून घ्यावयाची आणि फितीवरील सारे संस्कारही येथेच करावयाचे, असा कारभार कोणी उभारला नव्हता. त्यासाठी शिकविणारा गुरू नव्हता, यंत्रे नव्हती आणि काम जाणणारी माणसेही नव्हती.

फाळके यांनी प्रथम एक छोटा कॅमेरा व जुन्या फिती मिळविल्या आणि ते रात्रंदिवस त्यांचा अभ्यास करू लागले. रोज चार पाच तास चित्रपट पाहावेत आणि उरलेल्या वेळात प्रयोग करावेत, असा क्रम त्यांनी धरला. झोप नाही, विश्रांती नाही. या अतिश्रमाने त्यांच्या डोळ्यांना विकार जडला आणि दिसेनासे होण्याची वेळ आली. डॉक्टरांच्या उपचारांनी व चष्म्यांच्या साहाय्याने त्यांची दृष्टी वाचली. मग त्यांनी विम्याचे कागद गहाण ठेवून पैसा उभा केला आणि इ.स. १९१२ च्या फेब्रुवारीत ते एकटेच लंडनला गेले.

लंडनमध्ये त्यांच्या ओळखीचे कोणी नव्हते. 'बायस्कोप' नावाचे एक साप्ताहिक ते मुंबईत वाचीत असत. त्याच साप्ताहिकाच्या कचेरीत ते सरळ जाऊन उभे राहिले. संपादक कॅबोर्न यांनी त्यांना प्रथम या धंद्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. इंग्लंडातही चित्रपट काढणारे कित्येक जण बुडाले होते. परंतु या परदेशी गृहस्थाची तळमळ पाहून त्यांचे मन वळले. त्यांनी फाळके यांची गाठ सेसिल हेपवर्थ या चित्रपटनिर्मात्याशी घालून दिली. हेपवर्थ यांनी आपला स्टुडिओ त्यांच्यासाठी खुला केला. तेथे फाळके यांनी चित्रीकरणाचे सर्व अंग बारकाईने पाहिले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फितीला भोके पाडण्याचे यंत्र इत्यादी सामग्रीची व्यवस्था करून ते एप्रिलच्या आरंभी मुंबईस परतले.

आता खरा प्रश्न पुढे उभा राहिला. चित्रपटास पैसा लागणार होता आणि जी वस्तू कोणी पाहिलेली नाही तिच्यासाठी पैसा कोण देणार? लोकांपुढे लांबलचक भाषणे करण्यापेक्षा फाळके यांनी एक लहानसा प्रयोग करून दाखविण्याचे ठरविले. त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले. कुंडीसमोर कॅमेरा रोखला आणि रोज थोडे थोडे चित्रण केले. हा क्रम महिन्याहून अधिक काळ चालू होता. ती फीत पडद्यावर दाखविली तेव्हा पाहणारे थक्क झाले. बीजातून अंकुर फुटला, पाने उलगडली आणि पाहता पाहता रोप वर चढले! एका महिन्याचे काम निसर्गाने त्यांच्यासमोर काही क्षणांत केले होते. 'अंकुराची वाढ' हे या चित्रफितीचे नाव. ती पाहून काही परिचितांनी कर्ज देण्याचे मान्य केले. एवढ्याने भागेना, तेव्हा सरस्वतीबाईंनी आपले दागिने पुढे केले. काम फसले असते तर चार मुलखांत हसू झाले असतेच, पण घरातील माणसांना उद्याची भ्रांत पडली असती. हे जाणूनच त्यांनी तो निर्णय घेतला होता.

चित्रपटासाठी राजा हरिश्चंद्राची कथा निवडण्यात आली. दादर येथील 'मथुरा भवन' या बंगल्यात फाळके यांचे बिऱ्हाड होते. तेथेच स्टुडिओ उभा राहिला. नट पाहिजेत अशा जाहिराती वर्तमानपत्रांत झळकल्या. पुष्कळ माणसे आली, परंतु कामाची थोडीच निघाली. अखेर हरिश्चंद्राच्या भूमिकेसाठी दत्तात्रय दामोदर दाबके या नटाची निवड झाली.

तारामतीच्या भूमिकेचा प्रश्न मात्र सुटेना. रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत, असा तो काळ होता. चित्रपटात काम करणे स्त्रियांना कमीपणाचे वाटे. फाळके यांनी पुष्कळ शोध केला, पण एकही स्त्री तयार होईना. अशा वेळी ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात त्यांची दृष्टी एका तरुण आचाऱ्यावर पडली. त्याची अंगलट नाजूक होती आणि हात सडपातळ होते. त्याचे नाव अण्णा साळुंके. त्याला तेथे महिना १० रुपये पगार मिळत असे. फाळके यांनी १५ रुपये देऊ केले आणि भटारखान्यातील हा तरुण अयोध्येची महाराणी झाला! स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांना मिशा काढण्यास सांगितले, तेव्हा आणखी एक अडचण उपस्थित झाली. वडील वारल्याखेरीज मिशी उतरवू नये अशी तेव्हाची रूढी होती. फाळके यांना त्यांची पुष्कळ मनधरणी करावी लागली. स्त्रियांचे हावभाव अंगी यावेत म्हणून या नटांना लुगडी नेसून तांदूळ निवडण्यासारखी घरकामे करावयास लावीत.

हरिश्चंद्राचा पुत्र रोहिदास याच्या भूमिकेसाठीही मूल मिळेना. कथेत त्या बालकास वनवास भोगावा लागतो व मृत्यू येतो. असे अशुभ सोंग आपल्या मुलाने घ्यावे, हे कोणत्या आईबापांना रुचणार? तेव्हा फाळके यांनी आपला ज्येष्ठ पुत्र भालचंद्र याला पुढे केले. दुसऱ्यांच्या मुलांसाठी ज्याची भीती वाटली, ते काम सरस्वतीबाई आणि दादासाहेब यांनी स्वतःच्या मुलास दिले.

कॅमेरा चालविण्यासाठी त्यांनी त्र्यंबक तेलंग या मित्रास बोलाविले. तेलंगांना छायाचित्रणाची काहीच माहिती नव्हती. फाळके यांनी त्यांना प्रथम साधी छायाचित्रे काढावयास शिकविले आणि त्यांचा हात बसल्यावर विल्यमसनचा कॅमेरा त्यांच्या स्वाधीन केला. हे काम वाटते तितके सोपे नव्हते. तो कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवावा लागे. एक फूट लांबीच्या फितीवर सोळा चित्रे बसत. दांडा फिरविण्याची गती कमीजास्त झाली की पडद्यावरील माणसे धावू लागत किंवा रेंगाळू लागत. म्हणजे नटाने कितीही उत्तम अभिनय केला तरी तो लोकांना कसा दिसणार, हे तेलंगांच्या मनगटावर अवलंबून असे.

आणि सरस्वतीबाई? त्यांचे काम पडद्यावर कोठेही दिसत नाही. परंतु ते वजा केले तर चित्रपटच उरत नाही. कोऱ्या फितीच्या कडांना भोके पाडावी लागत, कारण त्या भोकांत यंत्राचे दाते अडकत आणि फीत पुढे सरके. हे काम अंधारात करावे लागे, कारण उजेड लागला की फीत वाया जाई. सरस्वतीबाईंनी ते आत्मसात केले. फिती धुण्याची रसायने त्या मिसळीत आणि रात्री दादासाहेबांबरोबर फिती धूत. दिवसा चित्रीकरण चाले ते सूर्यप्रकाशात. तेव्हा पात्रांच्या मुखावर उजेड पडावा म्हणून त्या पांढरी चादर धरून तासन्‌तास उन्हात उभ्या राहत. शिवाय साठसत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांनाच पाहावा लागे, आणि पदरी लहान मुले होती ती निराळीच.

चित्रपटात काम करतो असे सांगितले तर लोक नाके मुरडीत. म्हणून फाळके यांनी आपल्या मंडळींना एक युक्ती शिकविली. कोणी विचारलेच, तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीस आहोत असे सांगावे. विचार केला तर ते नाव अगदी यथार्थ होते. कोणी पडदे रंगवीत होते, कोणी पोशाख शिवीत होते, कोणी तलवारी परजीत होते. पटकथा, दिग्दर्शन, रंगभूषा, देखाव्यांची मांडणी आणि फितींची जुळणी फाळके यांच्याकडे असे. बडोद्यात शिकलेली एकेक कला आता उपयोगास येत होती. परंतु येथील बहुतेक कारागीर आपापले काम करता करताच ते शिकत होते. चुकणाऱ्यास हाकलून द्यावे तर त्याच्या जागी आणावयास दुसरा जाणकार सबंध देशात नव्हता. त्यामुळे या कारखान्यात चूक झाली की ती दुरुस्त करणे एवढाच मार्ग असे.

दिवसभर केलेले काम साधले की फसले, हे रात्री फीत धुऊन होईपर्यंत कोणासच कळत नसे. ढग आले तर काम थांबे. मंडळी बाह्यचित्रणासाठी मुंबईजवळच्या वांगणी गावी गेली, तेव्हा एक निराळेच संकट ओढवले. तलवारी आणि भाले घेतलेली माणसे पाहून हे दरोडेखोरच आहेत, असे गावकऱ्यांना वाटले आणि मंडळी चौकशीच्या फेऱ्यात सापडली. चित्रपट म्हणजे काय हेच जेथे ठाऊक नाही, तेथे समजावून तरी काय सांगणार? अखेर फाळके यांनी कॅमेरा दाखवून व त्याचे काम समजावून त्यांची खात्री पटविली.

अशा रीतीने सुमारे सात महिन्यांच्या खटाटोपानंतर ३,७०० फूट लांबीचा चित्रपट सिद्ध झाला. एका फुटास सोळा या हिशेबाने त्यात जवळजवळ साठ हजार लहान लहान चित्रे होती! २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडवरील ऑलिंपिया चित्रगृहात निमंत्रितांसाठी पहिला खेळ झाला. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' सर्वांसाठी झळकला. प्रेक्षक येतील की नाही, याची खात्री कोणीही देऊ शकत नव्हते. परंतु लोक आले. आपल्या घरात आजीने सांगितलेली कथा हलत्या चित्रांत पाहून ते हरखून गेले. एका आठवड्यासाठी ठरलेले खेळ पुढे वाढवावे लागले. भारतातील पूर्ण लांबीचा पहिला कथापट म्हणून 'राजा हरिश्चंद्र' याचे नाव आज सामान्यतः घेतले जाते.

यानंतर फाळके यांनी आपला कारखाना नाशिकला नेला. तेथे तयार झालेल्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या. ज्या कामासाठी काही महिन्यांपूर्वी एकही स्त्री मिळाली नव्हती, त्यासाठी आता मायलेकी पुढे आल्या होत्या. इ.स. १९१७ मध्ये 'लंका दहन' आला. त्यात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या आणि लोकांनी त्या डोक्यावर घेतल्या. उपाहारगृहातील तो आचारी आता नावाजलेला नट झाला होता.

या यशाने मोठे भांडवल चालून आले. इ.स. १९१८ च्या आरंभी काही धनिकांच्या भागीदारीत नाशिक येथे 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' स्थापन झाली. 'श्रीकृष्ण जन्म' आणि 'कालिया मर्दन' हे तिचे गाजलेले चित्रपट. 'कालिया मर्दन' मध्ये बाळकृष्णाची भूमिका फाळके यांची चिमुकली कन्या मंदाकिनी हिने केली. पैशाची विवंचना संपली, आता सारे सुरळीत चालेल, असे कोणालाही वाटले असते. परंतु तसे घडले नाही.

भागीदारांना खर्चाचा आणि वेळेचा हिशेब हवा होता. अमुक दिवसांत चित्रपट पुरा झाला पाहिजे आणि त्यातून नफा मिळाला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. ज्याने पैसा गुंतविला त्याने हिशेब मागणे अयोग्य नव्हे. फाळके यांना मात्र मनाजोगे दृश्य साधेपर्यंत प्रयोग करावयाचे असत. त्यात किती फीत आणि किती दिवस जातील हे ते आधी सांगू शकत नसत, आणि आपल्या कामात दुसऱ्याची ढवळाढवळ त्यांना सहनही होत नसे. दादरच्या कारखान्यात पैशाची चणचण होती, पण उद्या काय होईल या भीतीत सारे सारखेच सहभागी होते. नाशिकच्या कंपनीत पैसा होता, पण तो भरवसा राहिला नाही. अखेर फाळके कंपनी सोडून काशीस गेले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. काही काळानंतर ते कंपनीत परतले आणि पुन्हा चित्रपट काढू लागले, तरी पूर्वीचा मेळ पुन्हा जुळून आला नाही.

एवढ्यात काळ पालटला. इ.स. १९३१ मध्ये भारतात बोलपट आला आणि मूकपटांचे दिवस सरले. फाळके यांनी वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, इ.स. १९३७ मध्ये, 'गंगावतरण' हा बोलपट दिग्दर्शित केला. तो त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. ज्या उद्योगाचा पाया त्यांनी घातला तो तोवर वैभवास पोहोचला होता. त्यांच्या स्वतःच्या वाट्यास मात्र ते वैभव आले नाही. चित्रपटक्षेत्रातील आजन्म कार्यासाठी भारत सरकारतर्फे दिला जाणारा सर्वोच्च पुरस्कार इ.स. १९६९ पासून त्यांच्याच नावाने दिला जातो. 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाची संपूर्ण प्रत आज उपलब्ध नाही. काही भाग तेवढे काळाच्या तडाख्यातून वाचले आहेत.

फाळके यांना भारतीय चित्रपटाचे जनक म्हणतात आणि ते योग्यच आहे. परंतु जनक एकटा असला तरी या अपत्यास वाढविणारे हात पुष्कळ होते. चादर धरून उन्हात उभी राहिलेली गृहिणी, दांडा फिरविण्यास नव्याने शिकलेला मित्र, मिशी उतरविणारा आचारी आणि अशुभ मानलेली भूमिका करणारा बालक, यांपैकी एकानेही आधी यशाची हमी मागितली असती, तर तो चित्रपट झालाच नसता. आपला वाटा उत्तम करावा, दुसऱ्याच्या वाट्यावर विश्वास ठेवावा आणि रात्री फीत धुऊन होईपर्यंत धीर धरावा, एवढेच त्यांच्या हाती होते.

मुलांनो, तुम्हीही वर्गाचे हस्तलिखित मासिक काढता, स्नेहसंमेलनात नाटक बसविता, विज्ञानाच्या प्रदर्शनासाठी मिळून प्रतिकृती तयार करता. त्या वेळी हे जमेल का, आपले हसे तर होणार नाही ना, अशी शंका तुमच्या मनात येत असेल. ती येणे स्वाभाविक आहे. कधी काम साधेल, कधी फसेलही. तेव्हा प्रथम एखादी कुंडी आणि वाटाण्याचे एक बी घ्या. म्हणजे मोठ्या कामाचा एक छोटा भाग करून पाहा. मग ज्याला जे येत नाही ते त्याला शिकू द्या आणि जो पडद्यावर दिसत नाही त्याच्या कष्टांची आठवण ठेवा. आपल्या देशातील पहिला कथापट अशाच नवशिक्या हातांनी दादरच्या एका बंगल्यात तयार केला होता.